दिगूभाऊंची खोडलेली पानं

दिगूभाऊ गेले ही बातमी सुमनवहिनींनी मला ज्या पद्धतीने दिली, ती दिगूभाऊंना स्वतःला फार आवडली असती. दुपारची झोप आटोपून चार वाजता मी कसबा पेठेतलं प्रकाशनाचं ऑफिस पुन्हा उघडलं, तोच मांजरीच्या त्यांच्या घरून फोन. "भाऊजी, प्रुफं न्यायला आज माणूस पाठवू नका." मी म्हटलं, "का हो वहिनी, अजून व्हायचीत?" त्या म्हणाल्या, "आता नाही होणार. हे जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत..." मी तसाच हातात किल्ल्या धरून उभा राहिलो. मगरींनी सोडलेला, जळवांनी चाखलेला, दोनदा होडी उलटूनही काठाला लागलेला माणूस वरणभात जेवून, पंख्याखाली, वामकुक्षीत गेला! मगरींची केवढी निराशा झाली असेल.

दिगंबर सोनटक्के हे नाव ज्यांच्या कानावर नाही त्यांच्यासाठी सांगतो. नद्या, वर्षावनं आणि तिथली आदिवासी माणसं यांच्यावर या गृहस्थाने नऊ पुस्तकं लिहिली, आणि ती नऊही मी छापली. मूळचे चंद्रपूरकडचे. इथे उसावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत प्रयोगशाळा सहायक होते. वर्षभर मातीचे नमुने तपासायचे आणि रजा साठली की गायब व्हायचे. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा माझ्यासमोर आले तेव्हा हस्तलिखित मातीच्या नमुन्याच्या पिशवीत होतं. मी नुकताच वडिलांच्या खुर्चीत बसलेला, अंगात हुशारी मावत नव्हती. पिशवीकडे बघून म्हटलं, "यात काय आणलंत, खत?" ते म्हणाले, "वाचून पाह्य ना बाप्पा. उगवलं तर उगवलं." मी रात्री जेवायचं विसरून वाचलं. सकाळी आईने ताट झाकलेलंच पाहिलं.

ते पुस्तक सह्याद्रीतल्या एका नदीवर होतं. त्या नदीच्या एका डोहातले मासे तिथली माणसं धरत नाहीत. ते देवाचे. दिगूभाऊंनी डोहाबद्दल भरभरून लिहिलं होतं, पण वाट मात्र मुद्दाम धूसर ठेवली होती. मला वाटलं, लेखक नवखा आहे, विसरला. मग मी काय केलं? एका चित्रकाराला बसवून सुरेख नकाशा काढून घेतला, डोहाशी बाण काढला आणि खाली छापलं, 'हाच तो डोह'. त्यांना न विचारता! वाचकाची सोय... दुसऱ्याच महिन्यात सदाशिव पेठेतून एका वाचकाचं पत्र आलं. ते मी अजून विसरलेलो नाही. 'आम्ही आठ जण सहकुटुंब जाऊन आलो. मासे चविष्ट. मात्र नकाशात पायवाटेचं वळण किंचित चुकलं आहे, पुढील आवृत्तीत दुरुस्ती करावी.'

मी मोठ्या गमतीने ते दिगूभाऊंना वाचून दाखवलं. ते हसले नाहीत. पिशवी उचलली आणि गेले. पुढच्या आठवड्यात कळलं, ते त्या डोहाजवळच्या वाडीत जाऊन आले होते. तीन दिवस एका ओट्यावर बसून होते, कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. चौथ्या दिवशी एक म्हातारी येऊन म्हणाली, "आमच्यात जेवलास, आन् जाताना दार उघडं टाकून गेलास." नकाशा माझा होता, पण हे त्यांनी तिथे सांगितलं नाही. मला मात्र परत आल्यावर सांगितलं, आणि त्याच वेळी नियमही सांगितला. "यापुढं प्रत्येक प्रकरण पहिले तिथं जाऊन वाचीन. ज्याच्याबद्दल लिहिलं तो म्हणन खोड, तर खोडीन. मंजूर असन तर छाप, नाहीतर दुसरा प्रकाशक पाहतो." मी म्हटलं, मंजूर. नव्या आवृत्तीतून नकाशा गेला. डोहातले मासे काही परत आले नाहीत.

मग पुढची वीस-बावीस वर्षं काय सांगू! नियम म्हणजे नियम. ईशान्येकडच्या जंगलात एखादं गाव, तिथला शाळामास्तर दुभाषा. दिगूभाऊ मराठीतलं वाक्य हिंदीत सांगणार, मास्तर ते गावच्या बोलीत आणि गाव एकेका वाक्यावर खल करणार. परत येणाऱ्या पानांवर राखेची बोटं, सुपारीचे डाग आणि आडव्या रेघा. एकदा अख्खं पान उडालं, कारण एका बाईला तिचं हसणं 'खदखदून' झालेलं आवडलं नाही. मी चिडलो. "अहो, शब्द बदला ना, पान कशाला काढता?" दिगूभाऊ शांतपणे म्हणाले, "ती म्हणते, मी हसलेच नव्हते." आणि नदीचं नाव, गावाचं नाव तर कधीच नाही. एका सत्कारात एक श्रोते फार मागे लागले, की नाव सांगायला हरकत काय आहे? दिगूभाऊंनी विचारलं, "तुमच्या घरचा पत्ता छापून टाकू काय पुस्तकात?" त्यावर पहिल्या रांगेतून एक आजोबा म्हणाले, "खुशाल छापा. यांच्याकडे कुणी दुसऱ्यांदा जात नाही." सभागृहात सगळ्यात मोठ्याने हसले ते दिगूभाऊ.

दहावं पुस्तक बारा प्रकरणांचं. अकरा वाचून झाली होती. बारावं एका नावाड्यावर, आणि देवाशपथ सांगतो, त्यातल्या मधल्या सात पानांइतकं चांगलं दिगूभाऊंनी जन्मात लिहिलं नव्हतं. पण गुडघे गेले, डॉक्टरांनी प्रवास बंद केला. मी पुस्तकाची जाहिरात करून बसलेलो. हळूच म्हटलं, "दिगूभाऊ, या एका खेपेला..." ते म्हणाले, "काय करून राहिला बे पुणेकर? बारावं न वाचता छापशील तर भूत होऊन तुझ्या ऑफिसात बसीन. दुपारी एक ते चारसुद्धा." आणि मग ते गेलेच.

चौदाव्याला मी वहिनींना विचारलं, पुस्तकाचं काय करायचं. त्या म्हणाल्या, "वाचायचं राहिलंय ना? चला." ज्या माणसाने ताम्हिणीच्या पलीकडचं जंगल कधी पाहिलं नाही, तो मी, छपन्नाव्या वर्षी, दोन रेल्वे, एक जीप आणि एक होडी करून, पासष्ट वर्षांच्या वहिनींच्या मागोमाग एका नदीकाठी पोचलो. सामान त्यांनी उचललं होतं. मला जळवा लागल्या होत्या.

नावाडी म्हातारा, काटक. होडीच्या फटीत डांबर भरत होता. तिथल्या शाळामास्तरांनी दिगूभाऊ गेल्याचं सांगितलं तेव्हा त्याने हात पुसले, वहिनींना बसायला लाकडी पाट दिला आणि मला म्हणाला, वाच. माझं हिंदी ऐकून मास्तरांच्या चेहऱ्यावर जे दुःख पसरलं ते दिगूभाऊंसाठी नव्हतं. तरी वाचलं. गावाने ऐकलं, दोन ठिकाणी हसलं. मग ती सात पानं आली. ती संपल्यावर नावाड्याने कागदावर हात ठेवला. "इथून इथपर्यंत नको."

मी म्हटलं, "का?"

मास्तरांनी विचारलं. नावाडी हसला. "सांगितलं तर हा तेही लिहील."

"अहो, पण फार सुंदर आहे!" मी जवळजवळ ओरडलोच.

"ठाऊक आहे. मीच सांगितलं होतं त्याला."

"मग सांगितलं कशाला?"

"त्याला सांगितलं. तुमच्या गावाला नाही."

वहिनींनी पर्समधून पेन काढलं, त्याचं टोपण काढलं आणि माझ्यासमोर धरलं. मी सात पानांवर सात तिरक्या रेघा मारल्या. नावाड्याने प्रत्येक पान उलटून खात्री करून घेतली.

आता खरी कबुली. खोडलेला होता तो कागद. कसब्यातल्या संगणकावर तीच सात पानं जशीच्या तशी होती. तिथल्या कुणाला मराठी येत नाही, पुस्तक त्या नदीपर्यंत कधी पोचणार नाही, आणि वहिनी छापील पुस्तक उघडून बघणाऱ्यांतल्या नाहीत. कुणाला कळणार होतं? आठ दिवस मी रोज ती पानं वाचायचो आणि बंद करायचो. नवव्या दिवशी सदाशिव पेठेतलं ते पत्र आठवलं. मासे चविष्ट... पानं काढून टाकली, कचरापेटीही रिकामी केली. पुस्तक पुढच्या महिन्यात येतंय, सात पानांनी बारीक. त्यांत काय होतं ते मी बोलणार नाही. मला ओळखणाऱ्यांना ही गोष्ट मगरींपेक्षा अचाट वाटेल.

हा लेख पुरवणीकडे देण्याआधी मी मांजरीला गेलो आणि वहिनींना वाचून दाखवला. त्या भाजी निवडत ऐकत होत्या. मगरींचं ठेवा म्हणाल्या. पाणी न विचारल्याचं पण ठेवा. मग शेवट आला. शेवट मी असा काही लिहिला होता की वाचता वाचता माझ्याच तोंडून 'वा!' निघालं. त्यात नदी होती, रिकामी खुर्ची होती, सगळं होतं. वहिनींनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"हे त्यांच्याबद्दल नाही, भाऊजी. हे तुमच्याबद्दल आहे."

"म्हणजे काढू?"

"काढा."

काढला.