घरी येत होतं, सर

सरांना गल्लीतली पोरं 'मिटा सर' म्हणायची. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. हे नाव पडलं ते त्यांच्या एका वाक्यामुळे. पोरगं धडा वाचायचं, मान डोलवायचं, "समजलं सर" म्हणायचं, आणि सर अगदी शांतपणे म्हणायचे, "समजलं ना? मग आता पुस्तक मिटा आणि सांगा." की झालं! दोन मिनिटांपूर्वी ज्याला सगळं समजलं होतं त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

गणित आणि विज्ञान हे त्यांचे विषय. या विषयांपुढे ज्यांनी हात टेकले होते अशीच पोरं बहुतेक त्यांच्याकडे यायची. पुढच्या खोलीत चार बाकं, भिंतीवर फळा, आणि फळ्याशेजारी सरांची हात नसलेली लाकडी खुर्ची. पद्धत म्हणाल तर त्यात जादू काही नव्हती. एकदा वाचायचं, पुस्तक मिटायचं, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर उतरवायचं. जे उतरलं नाही, तेवढंच पुन्हा वाचायचं. सर दुसऱ्या दिवशी परत विचारणार, आणि मग थोडं विसरू देऊन, पोरगं निर्धास्त झालं की, अचानक परत. एकाच जातीची गणितं ओळीनं द्यायची नाहीत. त्रिकोणानंतर व्याज, व्याजानंतर समीकरण असं सगळं कालवून द्यायचं, म्हणजे रीत कुठली लावायची हेच आधी शोधावं लागतं. धडा पक्का झाला की तो शेजारच्याला शिकवायला लावायचा. आणि या सगळ्याच्या वर एक नियम होता: उत्तर द्यायचं नाही. पोरगं घामाघूम झालं तरी सर हाताची घडी घालून वाट बघत बसणार. आयतं मिळालेलं डोक्यात राहत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

पोरांचंही एक ठरलेलं वाक्य होतं. "घरी येत होतं, सर."

"घरी येत होतं म्हणजे येत नव्हतं. बसा खाली."

बाकीचे फिदीफिदी हसायचे, आणि स्वतःची पाळी आली की तेच वाक्य म्हणायचे. पण पद्धत अचूक होती, यात वाद नाही. नापासाच्या उंबरठ्यावरची पोरं तिथून उठून कुठल्या कुठे गेली. मोठी झाल्यावर सर रस्त्यात दिसले की ती अजून सायकलवरून खाली उतरायची.

आतल्या खोलीत काकूंचं राज्य होतं. सर जितके अबोल, तितक्या काकू बोलक्या. सकाळी तोंडाचा पट्टा सुरू झाला की दिवा लागेपर्यंत थांबायचं नाव नाही. "अहो, दूध नासलं." "अहो, ऐकलंत का, समोरच्यांचा नळ आजही गळतोय." "अहो, मी काय म्हणते..." आणि पुढे म्हणायचं काहीच नसायचं! सर वर्तमानपत्राआडून 'हं' करायचे. त्या 'अहो'वर आणि 'हं'वर त्यांचा संसार मजेत चालला होता, आणि सरांनी त्याचा कधी क्षणभर विचार केला असेल असं मला तरी वाटत नाही.

मग एका सकाळी भाजी चिरता चिरता काकू एका अंगावर कलंडल्या. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि शब्द गेले होते. समजत सगळं होतं. डोळे तेच, राग तोच. चमचा पाहिला की त्यांच्या मनात चमचाच यायचा, पण तोंडातून 'खिडकी' निघायचं, आणि चुकलं हे सगळ्यात आधी त्यांनाच कळायचं. मग डाव्या हातानं कपाळ बडवून घ्यायच्या. पुष्कळदा तर तेवढंही नाही. नुसते ओठ हलायचे.

घर एकदम मोठं वाटायला लागलं. सरांना हाक मारणारं कोणी उरलं नाही. परगावी नोकरीला असलेली मुलगी रोज फोन करायची. तिला ते एकदा म्हणाले, "बाकीचे शब्द येतील सावकाश. एकदा 'अहो' म्हणाली ना, की मला पुरे." आणि मग, भलतंच काही बोलून गेल्यासारखं, त्यांनी फोन घाईघाईनं ठेवून दिला.

काकूंना बोलायला शिकवायला एक थेरपिस्ट यायची. योगायोग असा की तीही एके काळी याच बाकांवर बसलेली. काकूंशी ती छान बोलायची, सरांशी बोलताना मात्र गृहपाठ न केल्यासारखी चाचरायची.

"सर, त्यांना प्रश्न नका विचारू. अडल्या की पहिलं अक्षर तुम्ही द्या. तरी नाही आलं तर शब्द देऊन टाका."

"म्हणजे कॉपी करू द्यायची?"

ती कसनुसं हसली. वर्गात सगळे हसायचे तसंच. सरांना वाटलं, मुद्दा पटला.

कठीण विषय शिकवण्यात तर त्यांचा हातखंडा! त्यांनी मनावर घेतलं. जाड पुठ्ठ्याची कार्डं कापली. त्यांच्यावर चित्रं काढली: पेला, दिवा, चप्पल, खिडकी. चित्रकला दिव्य होती, त्यांची चप्पल होडीसारखी दिसायची, पण मेहनतीत कसूर नव्हती. शिकवणीच्या आधी एक तास, नंतर एक तास. काल आलेला शब्द आज परत. चार दिवसांनी, काकू बेसावध असताना, परत. वस्तू कालवून. आणि उत्तर न देता. खुर्ची त्यांनी पुढच्या खोलीतून उचलून पलंगासमोर आणून ठेवली होती.

एका दुपारी काकूंनी डाव्या हातानं माठाकडे बोट दाखवलं. सरांनी पेला भरला, त्यांच्यासमोर धरला आणि विचारलं, "काय हवंय?"

काकूंनी हात पुढे केला. सरांनी पेला जरा मागे घेतला.

"सांग. घाई नाही. तुला येतंय."

हे त्यांनी प्रेमानं म्हटलं, हे मुद्दाम सांगतो. त्या माणसाच्या मनात कपट नव्हतं. त्यांना खरोखर वाटत होतं की शब्द अगदी ओठांशी आलाय आणि आपण दया दाखवली तर तो परत आत जाईल. काकूंचे ओठ हलले. "खि..." त्यांनी मान झटकली. "खि... खि..." कपाळावर घाम आला. पुढच्या खोलीत पोरं आली होती आणि चिडीचूप बसली होती. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. सर पेला धरून थांबले. खूप वेळ थांबले. शेवटी काकूंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. सरांनी पेला स्टुलावर ठेवला आणि म्हणाले, "असू दे. उद्या येईल."

ते बाहेर जाईपर्यंत काकूंनी पेल्याला हात लावला नाही.

त्यानंतर काकूंनी काही मागणंच सोडलं. भूक लागली तरी नाही, उशी घसरली तरी नाही. सर आत आले की त्या डोळे मिटायच्या.

आणि मग एके दिवशी, शिकवणी चालू असताना, सर खडू आणायला म्हणून आत निघाले. दार लोटलेलं होतं. आतून आवाज आला.

"अहो."

सर जागच्या जागी थबकले.

"अहो... पा... पाणी. अहो, पाणी."

आवाज घोगरा होता, शब्द एका बाजूला कललेला होता, पण शब्द तोच होता. सरांनी फटीतून पाहिलं. काकू पलंगावर उठून बसल्या होत्या. समोर ती रिकामी खुर्ची. खुर्चीकडे बघून त्या म्हणत होत्या, अडखळल्या की थांबून परत पहिल्यापासून सुरू करत होत्या. परीक्षेच्या आधी पोरं जिन्यात उभं राहून करतात तसं. "अहो, पाणी द्या."

सरांचं भान हरपलं. दार ढकलून ते आत घुसले. "आलं! अगं, आलं की तुला! म्हण, परत म्हण!"

काकूंचा चेहरा पुसल्यासारखा कोरा झाला. ओठ हलले. "खि..." मग तेही नाही. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या, आणि त्या नजरेत जे होतं ते सरांनी आयुष्यभर बाकांवर बघितलं होतं आणि कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. घरी येत होतं, एवढं म्हणायलासुद्धा काकूंजवळ शब्द नव्हते. आणि घर तर हेच होतं.

सरांनी त्या दिवशी पोरांना लवकर घरी सोडलं.

थेरपिस्ट आली तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. तिनं पर्सचा बंद बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "सर, आमचंही तसंच व्हायचं. बाहेर सगळं यायचं. तुमच्यासमोर आलं की जायचं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

तिची नजर पुढच्या खोलीतल्या बाकांकडे गेली.

"बरं, आता काय करू ते तरी सांग."

"माहीत नाही, सर. गप्पा मारा. काही विचारू नका. कदाचित भीती जाईल."

गप्पा! या माणसाला गप्पा मारता येत असत्या तर आणखी काय हवं होतं? ते पलंगाशी बसले, या वेळी जमिनीवर, आणि डोकं खाजवून म्हणाले, "आज ऊन फार आहे, नाही का?" हाही प्रश्नच झाला. जीभ चावून म्हणाले, "समोरच्यांचा नळ दुरुस्त झाला वाटतं?" तोही प्रश्न. काकू अंग चोरून बसल्या. सर्व आयुष्य दुसऱ्याला विचारण्यात गेलं होतं. साधं काही सांगायचं म्हटलं तर त्यांच्या तोंडून वाक्य फुटेना.

त्यांनी कार्डं फेकून दिली. खुर्ची बाहेर नेली. दुसऱ्या दिवशी दुपारी, काकूंनी न मागताच, त्यांनी पेला भरला आणि काही न बोलता सरळ त्यांच्या ओठांशी नेला.

काकूंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"पी गं. मी काही विचारत नाहीये."

काकूंनी मान हलवली. डावा हात वर करून त्यांना थांबवलं. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. शब्द आल्याशिवाय पाणी नाही, एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. सरांनी शिकवलेलं कधी कोणी विसरलं नव्हतं.

"नको म्हणूस काही. माझी चूक झाली. पी तू." सरांनी पेला आणखी पुढे केला, थोडं पाणी काकूंच्या पातळावर सांडलं. काकूंचे डोळे भरून आले, पण ओठ धडपडतच राहिले. "खि... खि..."

सरांनी पेला स्टुलावर ठेवला. बाहेर आले, दार हलकेच ओढून घेतलं आणि तिथेच भिंतीला टेकले.

आत पलंग करकरला. मग आवाज आला.

"अहो."

आणि थोड्या वेळानं, "अहो, पाणी द्या." मग पेला उचलल्याचा, आणि घोट घेतल्याचा आवाज.

घोट संपल्यावर काकूंनी आणखी एकदा हाक मारली. या वेळी पाणी नको होतं, काही नको होतं, नुसतंच "अहो," पूर्वी उगाच मारायच्या तशी. सर दाराच्या अलीकडे तोंडावर हात दाबून उभे होते. त्यांना ओ देता येत नव्हती.