एका तारेवरची हाक

कऱ्हाडहून इस्लामपूरला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर लॅपटॉप, त्यावर तीन चिपा आणि वायरींचा गुंता. उसाच्या रानातली ओल मोजणारं तिचं यंत्र आजच बसवायचं होतं, आणि ते ऐनवेळी बिघडलं होतं.

"काका, ह्या तिघी एकाच तारेवर बोलत्यात. मोठी नंबरानं हाक मारती. जिचा नंबर, तिनंच ओ द्यायची. मी गडबडीत ह्या दोघींना एकच नंबर दिला! दोघी एकदम बोलाय लागल्या, कुणाचंच कळंना."

केसातली पिन काढून तिनं एकीचा नंबर ठरवणारी वायर उपसली, शेजारच्या भोकात खुपसली, प्रोग्रॅममधला नंबर बदलला. गाडी आदळली तसं तिनं सगळं पोटाशी धरलं. आणि पडद्यावर दोन वेगळे आकडे उमटले!

"ओ दिली! काका, दोघींनी ओ दिली!"

ती ओरडली, मी टाळ्या पिटल्या, अख्खी गाडी वळून बघू लागली.

तेवढ्यात कंडक्टर आला. "आवं ताई, नेर्ले नेर्ले करून घसा बसला माझा. ओ तरी द्यायची! गेलं की नेर्ले मागं."

तिनं जीभ चावली. मी पोट धरून हसलो, आणि मग आठवलं, मलाही नेर्ल्यालाच उतरायचं होतं.