चहात मऊ न होणारा पाव

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या काकीचे. देवगडकडच्या शाळेतून बारावी होऊन मी मुंबईला आलो, तेव्हा तिने लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत मला ठेवून घेतलं. पहिल्या सकाळी तिने चहाबरोबर बेकरीतलं कडक, गोल बटर दिलं. मी ते कोरडंच दातांनी फोडू लागलो. तिने ते माझ्या हातातून घेतलं, कपात सोडलं आणि चमच्याने दाबून धरलं.

"आता खा. दात कशाला उगीच झिजवतोस?"

परीक्षा आली की संध्याकाळी ती खोली मला सोडून गॅलरीत जाऊन बसायची. शेजारणी चिडवायच्या, "काय गं, पुतण्याला कलेक्टर करतेस?"

"शिपाई झाला तरी चालेल," ती म्हणायची. "पंख्याखाली बसला म्हणजे झालं."

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. लोअर परळला माझं ऑफिस आहे, तिथे पंखा नाही, एसी आहे. हे सगळं त्या खोलीतून आलं.

पुढे काका गेले, चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली. काकी काही दिवस आमच्या वडाळ्याच्या घरी राहिली आणि मग मुलाकडे, माझ्या चुलत भावाकडे, कॅनडाला गेली. जाताना तिची कवळी सैल झाली होती. "तिकडेच नवी करीन," म्हणाली होती.

दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. भाऊ फोन टेबलावर उभा करतो आणि सगळे समोर बसतात. एका रविवारी तो म्हणाला, "आईला आता इथेच कायमचं ठेवायचं ठरवतोय."

काकी म्हणाली, "बघू."

"सकाळी काय खातेस गं?" मी विचारलं.

"ह्याचा तो भोकाचा पाव. कडबोळ्यासारखा दिसतो. चहात बुडवला की मऊ होतो."

"बेगल गं आई," भाऊ हसला. "मी दर शनिवारी घरीच करतो. आठवडाभर पुरतात. आम्ही सातला बाहेर पडतो, ही मागाहून निवांत खाते."

फोन ठेवण्याआधी काकीने विचारलं, "तुमच्या खालची बेकरी चालू आहे का रे अजून?" मी हो म्हटलं.

ती खाते तेच आपणही एकदा खावं असं मला वाटलं. भावाकडून कृती मागवली. मैदा, यीस्ट, मीठ, थोडी साखर, कोमट पाणी. कडबोळ्याचा आकार म्हणून बायकोने सवयीने तेल कडकडीत तापवून पिठात मोहन घातलं. बेगल खुसखुशीत झाले. चहात बुडवताच खारीसारखे विरघळले. काकी म्हणते ते खरं आहे म्हणून मला बरं वाटलं. मी भावाला फोटो पाठवला.

त्याचा लगेच फोन आला. "मोहन घातलंस? अरे, फराळाचं करतोयस काय? बेगल चिवटच हवा. दातांनी ओढून खायचा असतो."

पुढच्या रविवारी तेल न घालता घट्ट पीठ भिजवलं. मनगटं दुखेपर्यंत मळलं. फुगल्यावर कडी वळली, पुन्हा थोडा वेळ झाकून ठेवली आणि उकळत्या पाण्यात सोडली. ती वर तरंगली. उलटून, निथळून, तीळ लावून ओव्हनमध्ये ठेवली. बाहेर आली ती तांबूस आणि तुकतुकीत. एक तोडायला मला दोन्ही हात लागले.

मी तुकडा चहात सोडला आणि चमच्याने दाबून धरला. चहा निवला तरी आतला भाग तसाच होता, रबरासारखा.

बायको बघत होती. "काकींनी कवळी नवीन केली का?" तिने विचारलं.

मला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी कॉलवर काकी समोर बसली होती, गाल आत गेलेले. शेजारी भाऊ, त्याची बायको, नातू. सगळे तिच्याशी प्रेमाने बोलत होते. त्यांच्यासमोर विचारलं असतं तर ती हसून "केली की" म्हणाली असती. काकी चौथी शिकलेली आहे, मोठं अक्षर लावून लावून वाचते. म्हणून मी तिला पत्र पाठवलं.

"काकी,

हे सकाळी सगळे बाहेर गेल्यावर वाच.

तो पाव मी घरी करून बघितला. तू शिकवलंस तसा चहात दाबून धरला. तो मऊ होत नाही. तू सकाळी काय खातेस, मला माहीत नाही. कदाचित नुसता चहा घेत असशील.

तुझा मुलगा मनापासून करतो, म्हणून तू बोलत नाहीस हे मला कळतं. तुला तिथे राहायचं असेल तर रहा. मग कवळीचं मी त्याला सांगेन. तुझी तक्रार म्हणून नाही, माझी काळजी म्हणून.

पण इकडे यायचं असेल तर आमच्याकडे ये. ही म्हणते, खिडकीजवळचा पलंग काकींचा. पाहुणी म्हणून नको, राहायला ये.

उत्तर लिहायची गरज नाही. यायचं असेल तर रविवारी सगळ्यांसमोर एवढंच विचार, खालची बेकरी चालू आहे का. मी समजेन आणि भावाशी मीच बोलेन.

बेकरी चालू आहे. बटरं रोज येतात."