हनोखचं टेकाड

बायबलातल्या गिदोनने तीनशे माणसांनिशी मिद्यानी फौज उधळली ती आमच्या टेकाडाखाली, असं हनोखने उभा जन्म सांगितलं. रात्री मडकी फोडून आत लपवलेल्या मशाली उघड्या केल्या, शत्रू गांगरून पळाला, ही गोष्ट आमच्याकडे पोरासोरांना पाठ. हनोखला टेकाडाच्या पोटात राखेचा थर सापडला, त्यात ढीगभर फुटकी मडकी. मग काय, किबुत्झने, म्हणजे आमच्या सामाईक शेतीच्या वसाहतीने, पाटी लावली, पाहुणेघर बांधलं, यात्रेकरूंच्या बसगाड्या सुरू झाल्या.

सकाळी तो माझ्याबरोबर गोठ्यात दूध काढायचा आणि दुपारी टेकाडावर खणायला जायचा. म्हातारपणी त्यालाच शंका आली. ती मडकी फुटण्याआधीच वाकडी झालेली होती. त्याने राखेतला कोळसा तपासायला पाठवला. निकाल आला : लढाईनंतर कित्येक शतकांनी तिथे कुंभाराची भट्टी होती. फुटकी मडकी म्हणजे त्याचा बिघडलेला माल.

हनोखने जेवणघरात उभं राहून सगळ्यांना सांगितलं. पाहुणेघर सांभाळणारी मेराव भडकली. "तुला कुणी विचारलं होतं का?"

"नाही. मीच मला विचारलं."

"मग उत्तरही स्वतःपाशीच ठेवायचं ना!"

सभा झाली, हात वर झाले. पाटी राहिली, तिच्यावर फक्त 'परंपरेनुसार' एवढा शब्द वाढला. हनोख वाद घालत बसला नाही. यात्रेकरूंच्या एका जथ्याला त्याने सरळ सांगितलं, "लढाई इथे झाली नाही."

"मग कुठे झाली?" एका बाईने विचारलं.

"ठाऊक नाही."

त्यांनी तरीही प्रार्थना म्हटली, फोटो काढले. त्यानंतर तो टेकाडावर गेलाच नाही. दुपारी झोपायचा, उठला की आणखी दमलेला दिसायचा.

त्याची बायको त्सिपोरा एकदा कावली. "गिदोनपायी मी जन्मभर दुपारचं एकटी जेवले. आणि आता म्हणतोस, कुंभार होता!"

"हो गं."

"दाखव तरी मला तो मेला कुंभार."

ती तिथे कधी चढलीच नव्हती. संध्याकाळी दोघं दर वळणावर टेकत टेकत वर गेली. भट्टीचा काळा खड्डा तिने वाकून पाहिला.

"एवढीशीच?"

"एवढीच. वारा पश्चिमेचा, म्हणून तोंड तिकडे. हुशार होता, पण हा घाणा बिघडला त्याचा."

"बिचारा. बायकोने फाडून खाल्लं असेल."

हनोख हसला. किती महिन्यांनी, कोण जाणे. मग तो तिला भट्टीची भिंत, माती मळायची जागा दाखवत राहिला, आणि तीही कुरकुरत का होईना, ऐकत राहिली. उतरताना मात्र दोघांच्याही गुडघ्यांनी दगा दिला. त्सिपोराने गोठ्यात फोन केला. मी ट्रॅक्टर घेऊन गेलो, तेव्हा दोघं दगडाला टेकून बसली होती आणि ती विचारत होती, "पण माती आणायचा कुठून रे तो?"