दुसऱ्यांदा बोलावणं

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. मुलुंडच्या घरी सकाळी कलशाला पानं लावत होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. "मॅडम, हॉस्पिटलमधून बोलतेय. तुमच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीचं सॅम्पल नीट आलेलं नाही. परत यावं लागेल. पैसे लागणार नाहीत." मी फोन कापला. फुकट म्हटलं की पुढे ओटीपी मागणार, हे मला पाठ आहे.

पण फोन खरा असला तर? काहीतरी सापडलंय आणि सांगत नाहीत? मोठ्या जाऊबाईंचा कॅन्सर फार उशिरा कळला होता, म्हणून तर लेकीने मागे लागून मला पाठवलं होतं. पूजेला बसले तरी मन देवीशीच भांडत होतं. इतकी वर्षं व्रत करतेय आणि हे काय?

संध्याकाळी हळदीकुंकवाला शेजारच्या कदमवहिनी आल्या नाहीत. गुडघा धरला म्हणून बोरिवलीहून आलेल्या नणंदेला त्यांनी पाठवलं. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. कुंकू लावतेय तोच पुन्हा तो फोन. "आता केलात तर पोलिसांत देईन!" मी ओरडले. काय झालं, असं तिने विचारलं. मी सांगितलं, तर बाई हसायलाच लागली.

"त्या दिवशी देवळात निघाल्यासारखी आंघोळ केलीस ना? ते वासाचं लिक्विड घेऊन पार आतपर्यंत?"

मी मान डोलावली.

"अगं, मीपण तेच केलेलं! डॉक्टरसमोर जायचं तर स्वच्छ नको? सगळं धुऊन टाकलं, तपासायला काय उरणार? मलापण परत बोलावलं. जा गपचूप."

ती गेल्यावर मी वहिनींना फोन केला. "माझ्या लेकीने पढवून पाठवलं का हिला?"

"कसलं पढवणं? कुंकू लावून घ्यायला पाठवलं तिला. डोकं फिरलंय का तुझं?"

देवीने पाठवली, असं मी म्हणणार नाही. वहिनींचा गुडघा नेहमीच दुखतो. पण समईपुढे बसल्यावर वाटलं, इतकी वर्षं 'तुझ्या हवाली' म्हणत आले आणि तिचीही उलटतपासणीच घेत राहिले. रिपोर्ट काय येईल ते माझ्या हातात नाही. जाणं तेवढं आहे. त्या दिवशी काही न मागता हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कलशातलं पाणी तुळशीला घातलं. हॉस्पिटलचा नंबर स्वतः शोधून फोन लावला. बोलावणं खरंच होतं. तारीख घेतली आणि येण्याआधी काय काय करायचं नाही, ते नीट विचारून घेतलं.