गुंताआक्का आणि पन्नास बाहुल्या

शिकवता शिकवता झोपी जाणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली. वाक्याच्या मधोमध तिची मान खाली जायची, हातातलं कापड मांडीवर पडायचं, आणि आम्ही पंधरा-वीस पोरी आवाज न करता आपापलं काम करत बसायचो. दहा मिनिटांनी डोळे उघडले की आक्का तेच वाक्य जिथं सुटलं होतं तिथून पुढं चालू करायची. "...आन् मग ह्यो टाका उलटा घ्यायचा." मधे काही घडलंच नाही अशा थाटात. नव्या पोरी फिदीफिदी हसायच्या, जुन्या त्यांना डोळ्यांनी दटावायच्या. सकाळी सहा ते दुपारी दोन आक्का बेळगावात वडगावातल्या एका शेडमध्ये साडीचे चार माग एकटी सांभाळायची. घरी जाऊन दोन घास खायची आणि तीन वाजता देवळामागच्या खोलीचं कुलूप काढायची. इतकी दमलेली बाई कशासाठी येते, असा प्रश्न आम्हाला पडला नाही. त्या वयात मोठी माणसं दमलेलीच असतात असं वाटतं.

तिचं नाव वेगळं होतं, पण पोरींनी ठेवलेलं नाव गुंताआक्का. मागावरून निघणारं टाकाऊ सूत ती पिशवीत भरून आणायची. खोलीत नवी पोरगी आली की तिच्या हातात त्यातला एक गुंता ठेवायची आणि म्हणायची, "सोडव. तोडायचं तेवढं न्हाय." मी दहा वर्षांची असताना गेले. पाऊण तास झटले, मग कंटाळून तिची पाठ वळल्यावर पाच ठिकाणी दातांनी तोडलं आणि गाठी मारून गुंडाळी करून दिली. आक्कानं सूत नुसतं बोटांतून ओढलं. "पाच गाठी. घाई कुणाला व्हती गं, तुला का सुताला?" रागावली नाही. दुसरा गुंता दिला.

छान हा शब्द तिच्या तोंडी नव्हता. तुम्ही काही करून नेलं की ते हातात घेऊन ती बराच वेळ बघायची. मी पहिल्यांदा कापडावर पोपट भरला, आमच्या घरच्या मागावर चढलेल्या साडीच्या काठावरचा हुबेहूब पोपट. माझी छाती फुगली होती. आक्का म्हणाली, "पोपट ब्येस हाय. पर ह्यो साडीवरचा. तुझा कुठाय?" मी रडत घरी गेले. दोन दिवस फिरकले नाही, घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. आई खुशीत होती. तिसऱ्या दिवशी मी आमच्या गल्लीतला फाटक्या कानाचा बोका भरून नेला. त्याचे पाय चार न होता साडेतीन झाले होते. आक्कानं बघितलं, बघितलं, आणि विचारलं, "कान कुणी फाडला ह्येचा?" मी सांगायला लागले. घरात आणि शाळेत मला मुकी म्हणायचे, ती मी. त्या दिवशी अर्धा तास बोलत होते, आणि वीस पोरी हातातलं काम थांबवून ऐकत होत्या.

एकदा माझी आई भांडायलाच आली. आमच्या विणकरांच्या घरांत पोरगी म्हणजे कांड्या भरणारे दोन हात, आणि ते हात इथं चिंध्यांशी खेळत होते. "ह्यातनं मिळतंय काय पोरींस्नी? आन् तुला तरी काय मिळतंय?" आईनं दारातूनच विचारलं. आक्का उठून उभी राहिली. तिचा आवाज मोठा होता, मागांच्या खडखडाटात वर्षं काढल्यावर सगळ्यांचाच होतो, पण त्या दिवशी ती हळू बोलली. "वैनी, तुला कवा कुणी इचारलंय का, तुला काय आवडतंय म्हणून? मला न्हाय इचारलं. बापानं न्हाय, नवऱ्यानं तर न्हायच. ह्यास्नी एकदा इचारून बघतो. तेवढंच." आमच्याकडं बायकाही बघतो, आलतो, गेलतो असंच बोलतात. आई परत गेली. मला मात्र दुसऱ्या दिवशीही तिनं अडवलं नाही.

दर महिन्याला डब्यातून चिठ्ठी काढायची, आणि जिचं नाव निघेल तिच्या उपयोगाचं काहीतरी करायचं असा खोलीतला रिवाज होता. माझ्या चिठ्ठीत महादेवी आली. ती कन्नड शाळेत जायची, मराठी अडखळत बोलायची, आणि तिच्या दोन्ही हातांवर कोडाचे पांढरे डाग होते. आम्ही कुणी चिडवत नव्हतो, पण तिच्या शेजारी बसायला कुणी धावतही नव्हतो. मी पंधरा दिवस खपून तिच्यासाठी लोकरीचे हातमोजे विणले. माझ्याच दयाळूपणानं मला भरून आलं होतं. महादेवीनं मोजे बघितले आणि "ब्याड" म्हणाली. नको. एवढंच म्हणून हात ओढणीखाली घेतले.

आक्कानं मला बाजूला बसवलं. "तिनं मागितलंतं?"

"न्हाय. पर तिला लाज वाटत असंल म्हणून..."

"लाज तिला वाटत्या का तुला?"

आक्कानं मोजे उसवायला लावले आणि तीच लोकर घेऊन मला महादेवीकडं पाठवलं. मी मान खाली घालून तिला विचारलं, तुला काय हवंय? तिनं लोकर हातात घेऊन बघितली. मग म्हणाली, पिशवी. घरी ती तिसरी बहीण. दप्तर थोरलीचं, त्यावर नावही थोरलीचं. तिला स्वतःच्या नावाची पिशवी हवी होती, नाव मोठ्या अक्षरांत, लांबून दिसेल असं. कन्नडमध्ये. मला ती अक्षरं येत नव्हती. तिनं खडूनं फरशीवर काढून दाखवली, मी दोनदा चुकले, दोनदा उसवलं. त्या आठवड्यात आमची मैत्री झाली ती आजवर आहे.

मी चौदाची असताना शहरातल्या एका महिला मंडळाच्या बायका खोलीवर आल्या. देवळाच्या पंचांनीच त्यांना आणलं होतं. मंडळाच्या कार्यक्रमात पाहुण्यांना द्यायला पन्नास बाहुल्या हव्या होत्या. त्या बदल्यात तीन शिलाई मशीन मिळणार होत्या. अट एकच, बाहुल्या सगळ्या सारख्या हव्यात. तीच उंची, तोच चेहरा, लाल साडी. मशीनचं नाव ऐकून आमच्या आयांच्या डोळ्यांत चमक आली. आक्का हो म्हणाली. "पोरींच्या हाताला मशीन येत्यात. एक महिना सोसूया," असं आम्हाला सांगितलं.

त्या महिन्यात आक्का वर्गात एकदाही झोपली नाही. पट्टी घेऊन बाहुल्यांच्या डोळ्यांमधलं अंतर मोजत फिरायची. गोष्टी बंद झाल्या, कुणाचा कान कुणी फाडला हे कुणी विचारेना. मला सांगायला लाज वाटते, पण मला तो महिना आवडला होता. माझ्या बाहुल्या सगळ्यांत सारख्या व्हायच्या. मंडळाच्या बाई मधे एकदा येऊन माझी बाहुली नमुना म्हणून सगळ्यांना दाखवून गेल्या होत्या.

न्यायच्या दिवशी बाई खोकी घेऊन आल्या. एक-एक बाहुली बघून खोक्यात ठेवत होत्या. एकीपाशी थांबल्या. तिच्या हातांवर बारीक पांढऱ्या दोऱ्यानं ठिपके भरले होते, इतके नीट की आधी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. "ही एक डागाळलीय वाटतं. हिच्याऐवजी दुसरी द्याल?" बाईंच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. त्यांना माहीत नव्हतं. महादेवी भिंतीपाशी हात मागं घेऊन उभी होती. आणि सगळ्यांच्या आधी मी बोलले. "मी देतो करून. अर्ध्या तासात."

आक्कानं बाईंकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग ती खोक्यापाशी खाली बसली. "बाई, बाहुल्या न्हाय देत."

"कुठली? ही एकच ना?"

"कुठलीच न्हाय देत."

पंच बोलले, बाई समजावत राहिल्या, दारात जमलेल्या आया ओरडल्या. आक्का एक-एक बाहुली बाहेर काढत राहिली. गाडी रिकामी गेली. मग तिनं आम्हाला सांगितलं, ज्येची त्येनं घ्या. आम्ही खाली वाकलो आणि तशाच थांबलो. आपली कुठली ते कुणालाच ओळखू येईना. महिनाभर आमच्याच हातांनी केलेल्या बाहुल्या होत्या. मी माझी शोधत होते, जी नमुना म्हणून फिरली होती ती, आणि मला ती सापडली नाही. महादेवीनं मात्र आपली उचलली आणि छातीशी धरली.

पुढं जे व्हायचं ते झालं. पंचांनी खोलीची किल्ली मागून घेतली. आयांनी पोरी पाठवायचं बंद केलं. माझी आई वर्षभर म्हणत होती, मशीन आली असती तर चार पोरींची लग्नं जमली असती. आक्काच्या घरच्या पडवीत आम्ही सहाजणी जात राहिलो. आक्काला आपण जिंकलो असं कधी वाटलं नाही. एकदा पडवीत बसलेली असताना तिनं महादेवीलाच विचारलं, "चुकलं का गं माझं? बाकीच्या पोरींस्नी मशीन मिळाली असती." महादेवी म्हणाली, "गोत्तिल्ला, आक्का." ठाऊक नाही. आक्कानं मान हलवली. "मला बी न्हाय ठावं," म्हणाली.

मी शिक्षिका झाले. निपाणीकडच्या एका सरकारी मराठी शाळेत आहे. बेळगावहून जायला यायला बसनं रोजचे तीन तास. पोरींच्या आया तंबाखूच्या वखारीत जातात, पोरी धाकट्या भावंडांना सांभाळून शाळेत येतात. मी हजेरी, दुपारच्या आहारातली अंडी-केळी, त्यांचे फोटो, कन्नडमधली परिपत्रकं यांत दिवस घालवते. शनिवारी मुलींसाठी हस्तकलेचा तास हौसेनं सुरू केला होता. चार वर्षांत त्याचं काय झालं ते कळलंही नाही. तपासणीला साहेब आले की भिंतीवर दिसायला पाहिजे म्हणून मी एकसारखी कागदी फुलं करून घ्यायला लागले. मापं मीच कापून द्यायची. वेळ वाचतो.

आक्का शेवटी विमानतळाजवळच्या सांबऱ्याला भाच्याकडं राहायला गेली. मागांनी तिचे कान पार नेले होते. मी शेवटची गेले तेव्हा जवळजवळ ओरडूनच बोलावं लागत होतं. डोक्यावरून विमान गेलं तरी तिनं वर बघितलं नाही. मी सांगितलं, आक्का, माझ्याकडनं आता होत नाही. तुला चार माग चालवून जमत होतं, मला खुर्चीवर बसून जमत नाही. शनिवारचा तास मी बंद करणार आहे.

ती समजूत घालेल असं वाटलं होतं. ती हसली. "तुमास्नी वाटायचं मी पोरींसाठी येतो. व्हय ना? अगं, घरात मला बोलणारं कुणी न्हवतं. दिवसभर नुसता खडखडाट. तुम्ही सगळ्या येऊन आपलं आपलं काय काय सांगायचा. मी निजलो तरी कानावर पडायचं. माझ्यासाठी येत हुतो मी." मग म्हणाली, "दमली असशील तर बंद कर की. पाप न्हाय त्यात."

त्यानंतर दोन महिन्यांनी महादेवीचा फोन आला. ती नंदगडजवळ अंगणवाडीत आहे. "आक्का होग्बिट्ळु," म्हणाली, मग मराठीत पुन्हा सांगितलं, आक्का गेली. मला कन्नडमधलंच कळलं होतं. आम्ही दोघी बाराव्याला गेलो. पडवीतल्या सहाजणींपैकी आमच्यासकट चौघी आल्या होत्या. भाच्यानं चहा दिला. परतीच्या बसमध्ये महादेवी खिडकीपाशी बसली होती, हात मांडीवर उघडे. मी तिची इतक्या वर्षांत बाहुल्यांच्या त्या दिवसाबद्दल माफी मागितली नव्हती. तेव्हा मागितली. ती म्हणाली, "तू अर्ध्या तासात करून दिली असतीस, मला खात्री होती," आणि आम्ही दोघी हसलो आणि रडलो.

तास अजून बंद केला नव्हता, पण पुढच्या शनिवारी मी फुलांची मापं कापून नेली नाहीत. ते मुद्दाम ठरवून केलं असं नाही, कापायचा कंटाळा आला होता. पोरी वाट बघत होत्या. मी शिंप्याकडनं आणलेल्या चिंध्या मधे ओतल्या आणि म्हटलं, करा काय करायचंय ते. बराच वेळ कुणी हात लावला नाही. मग मागच्या रांगेतली कावेरी म्हणाली, "बाई, तुम्ही काय करणार?"

नोकरीच्या अकरा वर्षांत मी स्वतःच्या हातानं काही केलं नव्हतं. मी खुर्चीवरून उठून त्यांच्यात खाली बसले. गुडघे बोलले. सुईत दोरा ओवायला लागले, पण चष्मा घरी राहिला होता. दोरा तीनदा नेढ्याच्या बाजूनं गेला. कावेरी सरकत माझ्याजवळ आली, "द्या हिकडं," म्हणाली, दोरा जिभेनं ओला केला, ओवून सुई माझ्या हातात दिली, आणि परत आपल्या जागी जाऊन चिंध्या चाळायला लागली.