वरून साधं पाणी

नाना आवाज चढवत नसत. सातपूरच्या आमच्या कारखान्यात दिवसभर प्रेस मशीन धाडधाड आपटायची, त्यामुळे ऑफिसातही सगळे भांडल्यासारखेच बोलत. नाना मात्र जागेवरून उठून तुमच्या टेबलाशी येत, जरा वाकत आणि म्हणत, "ते ड्रॉइंग झालं का?" खरेदी खातं त्यांच्याकडे होतं. माल वेळेवर न पोचवणाऱ्याला ते फोनवर इतक्या हळू झापत, की समोरचा "काय? काय?" करत शेवटी स्वतःच माफी मागून मोकळा होई.

अशा माणसाने ऑफिसात समुद्र आणला. दोन फुटी काचेची टाकी, मिठाची पाकिटं, पंप, निळा दिवा आणि खडकाचे चार तुकडे. नाना नामपूरचे, घरात पिढ्यानपिढ्या कांदा. "नाना, नामपूरला कुठला आलाय समुद्र?" असं कोणीतरी चिडवलं. "नही शे, म्हनीसन तं आना," नाना म्हणाले. नाही म्हणूनच आणला. एरवी ते आमच्याशी नाशिकचं मराठी बोलत. मनापासून काही सांगायचं झालं की अहिराणी यायची.

टाकी बरेच दिवस रिकामीच होती. नुसतं खारं पाणी, दगड आणि पंपाची घरघर. मालक पाहुण्यांना टाकी दाखवायचे, पाहुणे बराच वेळ मासा शोधायचे आणि सापडल्यासारखी मान हलवायचे. नानांना विचारलं की उत्तर ठरलेलं: "आधी पाणी बसू द्या. घाई कोनले शे?" हेच उत्तर ते नव्या कामगाराबद्दल देत, नव्या मशीनबद्दल देत आणि पुतण्याच्या लग्नाबद्दलही देत.

त्याच सुमारास माझे मिस्टर गेले. दिवस झाल्यावर मी कामावर आले. माझं टेबल टाकीसमोरच. लोक येऊन हळहळायचे, मी "हो" म्हणायचे. आत काहीच हलायचं नाही. जेवणाला चव नव्हती, ड्रॉइंगमधल्या रेघा सरळ येत होत्या, एवढंच. नानांनी सांत्वन वगैरे केलं नाही. एके सकाळी त्यांनी काचेवर मार्करने एक रेघ मारली आणि शुद्ध पाण्याचा कॅन माझ्या पायाशी आणून ठेवला.

"पाणी या रेघेखाली गेलं की भरायचं. रोज. हे काम तुमचं."

"मीठ किती घालू?"

"मीठ नाही घालायचं. पानी उडी जास, मीठ नही. ते आतच राहतं. वरून साधंच पाणी घालायचं. परत मीठ घातलं तर उद्या येणारे सगळे मरतील."

मी रोज पाणी घालू लागले. त्यात काही वाटत होतं असं नाही. पण ती रेघ बघण्यासाठी तरी मी वेळेवर येऊ लागले.

पुढे दोन नारिंगी मासे आले, एक लाल पट्ट्यांचा झिंगा आला, आणि दगडांवर जिवंत पोवळी बसली. दिवा लागला की ती बोटं पसरल्यासारखी उघडायची. नाना त्यांची काळजी कांद्याच्या भाषेतच करत. "चाळीत कांद्याला वारं लागतं ना, तसं यांना पाण्याचं वारं लागतं," म्हणत पंपाचं तोंड इकडून तिकडे वळवायचे. चहा-झाडलोट करणाऱ्या मंगलमावशी काच पुसताना सगळ्यांना "नानांची लेकरं" म्हणायच्या. नानांना मूलबाळ नव्हतं. ते नुसते हसायचे.

मग नाना आजारी पडले. दवाखान्यात ठेवलं. दुपारी त्यांचा फोन यायचा, आधीच हळू असलेला आवाज आता फारच हळू. स्वतःच्या तब्येतीचं एका शब्दात उरकायचे आणि विचारायचे, "पाणी रेघेवर आहे ना?"

एका दिवशी झिंगा मेला. मग पोवळी मिटली, ती उघडेनात. मी फोनवर सांगितलं.

"मासे?"

"मासे ठीक आहेत."

"मासे ठीक आणि झिंगा-पोवळी नाही, म्हणजे तांबं गेलंय आत. शोधा."

मागच्या दगडाआड, वाळूत अर्धवट रुतलेला एक जुना तांब्याचा ढब्बू पैसा सापडला. त्याच्या काठाला हळद चिकटलेली होती. गंगेवर गेलं की पाण्यात पैसा सोडून मागणं मागायचं, ही आपली सवय. पण तांबं पोवळ्यांना विष असतं, हे कोणाला ठाऊक असणार?

"हळद आहे? मग काच पुसताना मंगलनंच सोडला असेल," नाना फोनवर म्हणाले. "तिला विचारू नका. आणि यानं काय झालं तेही कधी सांगू नका. पाणी बदला. पैसा मला आणून द्या."

मी तो रुमालात बांधून नेऊन दिला. नानांनी तो कपाळाला लावला आणि उशाखाली ठेवला. "लेकरं गेली का सगळी?" त्यांनी विचारलं. एक पोवळं थोडं उघडलंय, असं मी सांगितलं. ते खरं होतं. "मंग बस झालं," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

पुढच्याच आठवड्यात नाना गेले. मी नामपूरला जाऊन आले. तिथेही मला रडू आलं नाही. माझं आता असंच राहणार, असं वाटलं आणि त्याचंही काही वाटलं नाही.

परत कामावर आले तेव्हा मंगलमावशी टाकीपाशी फडकं घेऊन उभ्या होत्या. चेहरा उतरलेला.

"ताई, एक इचारू? नानांना बरं वाटावं म्हणून मी आत पैसा सोडला होता. माझ्या सासूचा होता. गंगा काय, सगळ्यांचीच. हे पाणी नानांचं, म्हणून इथं सोडला. आता बघते तर तो नाय. कोणी काढला? काढला म्हणून तर गेले नाय ना ते?"

नानांनी तो पैसा का मागून घेतला होता, ते मला तेव्हा कळलं.

"कोणी काढून टाकला नाही, मावशी. नानांनीच मागून घेतला. कपाळाला लावला. शेवटपर्यंत उशाशी होता."

"खरं?"

"मी स्वतः नेऊन दिला."

"म्हणजे त्यांना पोचला," मावशी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून मोरीकडे गेल्या.

टाकीतलं पाणी रेघेखाली गेलं होतं. एकच पोवळं उरलं होतं, ते उघडं होतं. मी कॅनमधून मगभर पाणी घेतलं, हळूहळू ओतू लागले, आणि अर्ध्यातच माझ्या डोळ्यांना धार लागली. किती महिन्यांची होती कोण जाणे, थांबेना. टाकीत पडू नये म्हणून मी तोंड बाजूला केलं आणि रेघेपर्यंत पाणी भरलं.